पाऊल आपलं, चाल सगळ्यांची

भुयारातला नायक उभा असतो तोवर त्या भुयारातलं सगळंच थांबलेलं असतं. बटण दाबून तुम्ही एक घर पुढे सरकलात, की समोरचा शत्रूही एक घर सरकतो, मागचा सोबती सरकतो, पलीकडच्या न दिसणाऱ्या खोल्यांत फिरणारे प्राणीही एकेक घर सरकतात. अंगातली ताकद किंचित भरून येते, पोट किंचित रिकामं होतं. मग पुन्हा सगळं स्तब्ध. पुढचं पाऊल टाकायला पाच सेकंद घ्या नाहीतर पाच मिनिटं, घाई करायला कुणी नाही. पण टाकलेलं पाऊल मागे घेता येत नाही, आणि ते एकट्याचं कधीच नसतं.

‘पोकेमॉन मिस्टरी डंजन’ या खेळमालिकेचं मर्म मला या एका नियमात दिसतं. मालिकेतले पहिले दोन खेळ, गेम बॉय ॲडव्हान्सवरचा ‘रेड रेस्क्यू टीम’ आणि निन्टेन्डो डीएसवरचा ‘ब्लू रेस्क्यू टीम’, जपानमध्ये 2005 च्या नोव्हेंबरात आले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत आणि युरोपात पोचले. गोष्ट दोन्हींत एकच. या पुस्तकात पुढे भुयारांची माहिती येईल, फळं, बिया आणि सापळे येतील, कोणता प्राणी कुठे भेटतो तेही येईल. त्या सगळ्याच्या आधी हा खेळ कुठून आला आणि तो खेळताना नेमकं काय करायचं असतं, एवढं सांगायचं आहे. कारण पोकेमॉन या नावामुळे बऱ्याच जणांची समजूत आधीच ठरलेली असते.

आपल्याकडे एका पिढीला पोकेमॉन भेटले ते कार्टून नेटवर्कवर, हिंदी बोलणारे. चिप्सच्या पुड्यांतून निघणारे टाझो वर्गात बदलायचे. त्या पिढीच्या डोक्यात चित्र पक्कं आहे: मुलगा चेंडू फेकतो, आतून प्राणी निघतो, मुलगा बाजूला उभा राहून हुकूम सोडतो, प्राणी लढतो. सातोशी ताजिरी यांनी लहानपणच्या किडे गोळा करण्याच्या छंदातून हे जग उभं केलं आणि 1996 साली जपानमध्ये पहिले दोन खेळ निघाले. तेव्हापासून मुख्य मालिका याच चौकटीत चालते. माणूस बाहेर, प्राणी रिंगणात.

मिस्टरी डंजनमध्ये तो बाहेरचा माणूस राहिलेलाच नाही. चेंडू नाहीत, जिंकायचे बिल्ले नाहीत, स्पर्धा नाहीत. खेळ सुरू होताच तुम्हाला काही प्रश्न विचारले जातात, स्वभावाबद्दलचे, साधे पण नेमके. उत्तरांवरून खेळ ठरवतो की तुम्ही कोण. सोळा प्राण्यांपैकी एक. डोळे उघडतात ते झाडीत, आणि आपण माणूस होतो एवढंच आठवतं. समोर उभा असतो तो जोडीदार तुम्ही निवडलेला. तो दहांपैकी एक. थोड्याच वेळात बटरफ्रीची हाक येते की तिचं पिल्लू, कॅटरपी, भुईच्या भेगेत पडलंय, आणि तुम्ही दोघं पहिल्या भुयारात उतरता. प्राण्यांचंच गाव, प्राण्यांचंच टपाल, प्राण्यांचीच बँक आणि दुकानं. भूकंपांनी आणि आपत्तींनी हे जग हादरलेलं आहे, आणि अडकलेल्यांना सोडवून आणणारी एक तुकडी तुम्ही उभी करता.

या भुयारांची वंशावळ मात्र पोकेमॉनहून जुनी आहे. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला. पुढे केन अरनॉल्ड त्यांना मिळाले. पडद्यावर चित्र म्हणून काही नव्हतं. नायक म्हणजे ॲटचं चिन्ह, शत्रू म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं, भिंती म्हणजे रेघा. पण तीन गोष्टी तिथे ठरल्या त्या आजही टिकून आहेत. भुयार दर वेळी नव्याने रचलं जातं, त्यामुळे पाठ करता येत नाही. तुम्ही हलता तेव्हाच जग हलतं. आणि मेलात तर मेलात, मागच्या ठिकाणावरून पुन्हा सुरू करणं नाही. बर्कलीच्या युनिक्समधून हा खेळ विद्यापीठाविद्यापीठांत पसरला, आणि त्याच्या नावावरून पुढे खेळांचा एक आख्खा प्रकारच ओळखला जाऊ लागला.

‘रोग’मध्ये माणूस एकटा होता. त्याच घराण्यातल्या ‘नेटहॅक’ने, 1987 पासून, नायकाच्या मागे एक पाळीव प्राणी दिला: बहुतेक वेळा छोटं कुत्रं नाहीतर मांजराचं पिल्लू. हा प्राणी लढाईत मदत करतो, पण जाणते खेळाडू त्याला वेगळ्या कारणासाठी जपतात. शाप असलेल्या वस्तूवर पाय द्यायला तो कचरतो. नायकाला जी गोष्ट कळत नाही ती कुत्र्याला कळते, आणि कुत्रं ती सांगत नाही, फक्त पावलातून दाखवतं. खेळाडूने त्याच्याकडे बघत राहायचं. दुकानातून एखादी वस्तू तोंडात धरून बाहेर आणणारं कुत्रंही याच खेळातलं. सोबत्याला स्वतःची अक्कल आणि स्वतःची चाल असली की काय होतं, हे मला वाटतं इथे नीट दिसलं.

जपानमध्ये हे बीज रुजवलं कोइची नाकामुरा यांच्या चुनसॉफ्टने. कंपनी 1984 ची. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे पहिले पाच खेळ तिनेच घडवले. त्यातल्या पाचव्यात, 1992 साली, हरवलेले राक्षस उठून तुमच्या बाजूला येऊ लागले. पोकेमॉनच्या चार वर्षं आधी. पुढच्याच वर्षी याच कंपनीने ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या चौथ्या भागातल्या तोर्नेको नावाच्या व्यापाऱ्याला ‘रोग’च्या धर्तीच्या भुयारात सोडलं. हजार वेळा खेळता येईल असा खेळ, अशी त्याची जाहिरात होती. 1995 मध्ये ‘शिरेन’ आला, गवती टोपी घातलेला भटका आणि त्याच्यासोबत बोलणारं मुंगसासारखं एक जनावर. म्हणजे 2005 साली चुनसॉफ्टने पोकेमॉन हाती घेतले तेव्हा भुयार आणि सोबती हे दोन्ही विषय त्यांच्या घरात बारा-तेरा वर्षं मुरलेले होते. नव्या खेळात ते एकत्र आले, आणि एकत्र आल्यावर दोघांचाही अर्थ बदलला.

कसा, ते एका साध्या प्रसंगावरून बघू. तुम्ही चारमँडर आहात, आगीचे. मागे जोडीदार स्क्वर्टल, पाण्याचा. वाट एका घराएवढी अरुंद, आणि समोरून जिओड्यूड येतो, दगडाचा. दगडापुढे आग फिकी पडते, पाणी चालतं. पण वाट अरुंद असल्याने जवळून मारणारा स्क्वर्टल तुमच्या मागे नुसता अडकून उभा आहे. तुमच्यापुढे तीन मार्ग असतात. तिथेच उभं राहून मार खात मारायचं. जोडीदाराच्या अंगावर चालून जायचं, म्हणजे दोघांच्या जागा बदलतात. त्यात एक चाल खर्च होते आणि तेवढ्यात जिओड्यूडचा एक फटका बसतो. किंवा तो दूर असतानाच मागे फिरून मोकळ्या खोलीत यायचं, तिथे दोघांनी दोन बाजूंनी त्याला धरायचं. नवखा खेळाडू पहिला मार्ग घेतो. थोडा सरावलेला दुसरा. तिसरा मार्ग घेणारा माणूस शत्रू दिसण्याआधीच मागच्याचा विचार करत चाललेला असतो.

इथून पुढे सगळा खेळ असाच आहे. जोडीदाराला तुम्ही थेट चालवू शकत नाही. त्याला धोरण सांगता येतं: सोबत राहा, शत्रूच्या मागे जा, दुसऱ्या वाटेने फिर, इथेच थांब. कोणती विद्या वापरायची आणि कोणती टाळायची हेही ठरवून देता येतं. पण प्रत्येक पावलाचा निर्णय त्याचा. तो कधी भलत्याच शत्रूवर वेळ घालवतो, कधी तुम्ही विसरलेल्या कोपऱ्यातून येणाऱ्याला रोखतो. कथेच्या काळात जोडीदार बेशुद्ध पडला तर मोहीम तिथेच संपते, तुम्ही स्वतः धडधाकट असलात तरी. जोडीदाराच्या जिवाला आपल्या जिवाएवढंच मोल आहे, असं कुणी पात्र भाषण देऊन सांगत नाही. नियमच तसा आहे.

याला लागून भुकेचा हिशेब येतो. नायकाचं पोट शंभरपासून सुरू होतं आणि चालता चालता उतरत जातं. सफरचंद खाल्लं की पन्नास भरतं. पावलागणिक जखमा भरतात, म्हणून थांबून-फिरून बरं होण्याचा मोह होतो. पण तीच पावलं पोट रिकामं करतात. शिवाय एकाच मजल्यावर फार रेंगाळलात तर वारा उठतो, आधी इशारा देतो, आणि शेवटी साऱ्या तुकडीला भुयाराबाहेर फेकून देतो. म्हणजे पाऊल हे एकाच वेळी औषधही आणि खर्चही. पुढच्या प्रकरणांत जिथे जिथे मी ‘इथे चार पावलं घालवा’ किंवा ‘इथून लगेच पुढच्या मजल्याचा जिना गाठा’ असं लिहिलंय, तिथे हाच हिशेब मनात आहे.

सह्याद्रीत मंडळींना घेऊन गडावर जाणारा जाणता माणूस सर्वांत मागे राहिलेल्याच्या दमाने चालतो. या खेळातला चांगला म्होरक्या तसा चालतो. हे सर्वांत जास्त जाणवतं ते सोबत नेऊन पोचवण्याच्या मोहिमांत. कुणीतरी दुबळा प्राणी टपालातून विनवणी करतो की मला अमुक मजल्यावरच्या माझ्या माणसापर्यंत ने. तो तुमच्या मागून चालतो, तुमच्यापेक्षा कितीतरी कच्चा. तो पडला की काम फसलं. अनेक खेळाडूंना या मोहिमा कटकटीच्या वाटतात. मला त्या खेळाचा गाभा वाटतात. स्वतः बलवान झाल्यानंतर एरवी सोपं झालेलं भुयार, मागे एक दुबळा जीव आल्याबरोबर पुन्हा अवघड होतं. कोणत्या खोलीत आधी शिरायचं, त्याला रांगेत कुठे ठेवायचं, दारात कोण उभं राहणार, हे सगळे प्रश्न नव्याने जिवंत होतात.

नवे सोबती मिळतात तेही असेच. म्होरक्याने हरवलेला एखादा शत्रू कधीकधी उठून म्हणतो, मला तुमच्यात घ्या. दर वेळी नाही. प्रत्येक जातीचा संभव निराळा, म्होरक्याची पातळी वाढली की संभव वाढतो. त्याला राहायला योग्य ठिकाणही तुम्ही आधी विकत घेतलेलं असावं लागतं: कुणाला कुरण, कुणाला तळं, कुणाला गुहा. ही ठिकाणं गावातला विगलीटफ विकतो. मग तो नवा सोबती त्या मजल्यापासून तुमच्यासोबत चालू लागतो, आणि भुयार संपायच्या आत पडला तर गेला, तुमच्या तुकडीत तो आलाच नाही असं धरलं जातं. चेंडूत बंद करून खिशात टाकण्याची सोय नाही. ज्याला मिळवलं त्याला शेवटच्या जिन्यापर्यंत सांभाळून न्यावं लागतं. मुख्य मालिकेत प्राणी पकडला जातो तो क्षण आनंदाचा. इथे त्या क्षणी खरी काळजी सुरू होते. म्हणूनच दूरच्या मजल्यावर भेटलेला एखादा साधा प्राणी गावात आणून पोचवल्यावर जितका आपला वाटतो, तितका कोणताही दुर्मीळ प्राणी मुख्य मालिकेत मला कधी वाटला नाही.

इंग्रजी नियतकालिकांतल्या समीक्षकांनी तेव्हा या खेळांचं संमिश्र स्वागत केलं. भुयारं एकसारखी दिसतात, तेच ते करावं लागतं, अशी मुख्य तक्रार. भिंतींचे रंग आणि दगड बदलतात, रचना खोल्या आणि वाटांचीच राहते, हे खरंच आहे. तरीही मी ही तक्रार मान्य करत नाही. बुद्धिबळाचा पट रोज तोच असतो म्हणून कुणी तक्रार करत नाही. इथेही बदलतं ते मांडलेलं नातं, कोण कुठे उभं आहे आणि कुणाला किती सोसेल. एवढं मात्र मान्य, की हे लक्षात येईपर्यंत खेळाडूला थांबायला लावण्याचं काम खेळ पुरेसं करत नाही. निव्वळ लढाई जिंकायला आलेला माणूस तिसऱ्या भुयारात कंटाळतो.

त्याला थांबवून धरते ती कथा. ती मी इथे फोडणार नाही. फक्त एवढंच सांगतो की मध्यावर गावच तुमच्यावर उलटतं. ज्यांची पिल्लं तुम्ही सोडवून आणलीत तेच तुमच्या मागावर निघतात. घर सुटतं, बँक आणि कोठार सुटतं, आणि एकामागून एक आगीचे आणि बर्फाचे डोंगर ओलांडावे लागतात, जवळ असेल तेवढ्याच सामानावर. जोडीदार तुमच्यासोबत निघतो. तोवर डझनभर भुयारांत तुम्ही त्याची पावलं मोजलेली असतात, त्याच्यासाठी सफरचंदापेक्षा पुनर्जीवन देणारं बी जपून ठेवलेलं असतं. त्याने सोबत यावं हे पटकथेने लिहिलेलं असलं तरी पटतं, कारण तो विश्वास बटणांतून आधीच तयार झालेला असतो. अराता इइयोशी यांचं संगीत या टप्प्यावर जे करतं ते छोट्या स्पीकरवरही अंगावर येतं. शक्यतो हेडफोन लावून ऐकावं. पुढे 2007 मध्ये जपानमध्ये आलेले ‘एक्सप्लोरर्स ऑफ टाइम’ आणि ‘एक्सप्लोरर्स ऑफ डार्कनेस’, आणि 2009 चा त्यांचा विस्तार ‘एक्सप्लोरर्स ऑफ स्काय’, यांत कथा आणखी खोल जाते. त्यांच्यासाठी या पुस्तकात वेगळा भाग आहे.

हातात मावणाऱ्या यंत्राशी या खेळाचं नातं सोयीपुरतं नाही. जग तुमच्यासाठी थांबतं, म्हणून लोकलमध्ये स्टेशन आलं की मान वर करता येते आणि काही बिघडत नाही. भुयाराच्या मध्यावरही खेळ तात्पुरता जपून ठेवून यंत्र बंद करता येतं. पण न जपता बंद केलं तर खेळ ते हरणंच धरतो; ‘रोग’चा जुना कडकपणा इथे शिल्लक आहे. हरलात तर हातातले पैसे जातात, पिशवीतल्या बऱ्याच वस्तू जातात. कमावलेली पातळी मात्र सर्वसाधारण भुयारांत राहते. हा मध्यममार्ग मुलांसाठी काढलेला असला तरी मला तो शहाणपणाचा वाटतो. आणि ज्यांना पूर्ण कडकपणा हवा त्यांच्यासाठी कथेनंतर ‘प्युरिटी फॉरेस्ट’ आहे: 99 मजले, पातळी एकवर आणलेली, पिशवी रिकामी, आणि सोबत कुणीही नाही. सोबत्याची किंमत कळायला त्यातले पहिले पाच मजले पुरतात.

आता हरल्यानंतरच्या एका सोयीबद्दल, जिच्यामुळे हा खेळ मला इतर सगळ्यांपेक्षा वेगळा वाटतो. भुयारात पडल्यावर लगेच हार न पत्करता तुम्ही सुटकेची वाट बघू शकता. खेळ एक संकेत तयार करतो, अक्षरांची आणि चिन्हांची लांबलचक ओळ. त्यात तुम्ही कोणत्या भुयारात, कितव्या मजल्यावर पडलात ते गुंफलेलं असतं. ती ओळ मित्राला द्यायची, कागदावर लिहून, फोनवर वाचून, कशीही. मित्र ती त्याच्या यंत्रात भरतो, आपली तुकडी घेऊन त्याच्या जगातल्या त्याच भुयारात उतरतो आणि तेवढ्याच मजल्यापर्यंत येतो. वाटेतले शत्रू, भूक आणि सापळे सगळे खरे. तोही पडू शकतो. पोचला तर त्याला दुसरा संकेत मिळतो, तो तुम्हाला परत द्यायचा. तो भरताच तुम्ही जिथे पडलात तिथेच, सगळ्या सामानासकट, उठून उभे राहता. नंतर त्याला आभाराचं पत्र पाठवायचं.

2005 च्या आसपास हातातल्या यंत्रांवर घरबसल्या इंटरनेटने खेळणं नुकतंच सुरू होत होतं. केबल आणि बिनतारी जोडणीही या खेळात होती, पण संकेताला तीही लागत नाही. दोन गावांतले दोन खेळाडू कागद-पेन्सिलीने एकमेकांना भुयारातून बाहेर काढू शकत. ज्याने दुसऱ्यासाठी ही वाट एकदा चालून पाहिली, त्याला आपल्या तुकडीतल्या शेवटच्या प्राण्याकडे बघण्याची सवय वेगळी शिकवावी लागत नाही.

2020 साली निन्टेन्डो स्विचसाठी ‘रेस्क्यू टीम डीएक्स’ या नावाने हे पहिले दोन खेळ एकत्र नव्याने आले. जलरंगांसारखी चित्रं देखणी आहेत, भुयारात तुकडी आठ जणांपर्यंत वाढू शकते, आणि मुलांना हाती द्यायला तो सोपा आहे. पण त्यात एक बटण दाबलं की तुकडी आपोआप चालत जिना शोधते. जे हा खेळ पहिल्यांदा खेळणार आहेत त्यांनी ते बटण निदान कथा संपेपर्यंत वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुना डीएस आणि ‘ब्लू’ची प्रत मिळत असेल तर तिथून सुरुवात करावी: वरच्या पडद्यावर नकाशा उघडा राहतो, खालच्या पडद्यावर तुकडी दिसते, आणि कोण किती मागे राहिलंय ते नजर न हलवता कळतं. ‘रेड’मध्ये नकाशा खेळावरच पसरलेला असतो, त्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, तो द्यावा. पहिल्या प्रकरणात दिलेल्या भुयारांसाठी पिशवीत दोन सफरचंदं आणि एक पुनर्जीवनाचं बी पुरेल. बी जोडीदारासाठी आहे असं धरून चालावं.